मानदुखी आणि पोश्चर अ‍ॅप: फोनला नेमकं काय काम द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर लॅपटॉपवर काम, दुपारनंतर मान आणि खांदे भरून येतात, दोन-तीन पोश्चर अ‍ॅप्स वापरून पाहिली, ती सारखी 'सरळ बसा' म्हणून वाजत राहतात, पण दुखणं कमी होत नाही. मग चांगलं अ‍ॅप कोणतं?

अ‍ॅप बदलून फारसा फरक पडणार नाही असं मला वाटतं. तुम्ही त्याला दिलेलं काम बदला. 'सरळ बसा'ची सूचना आजच बंद करून टाका. ताठ बसून राहिलं तरी तासाभरात स्नायू थकतातच. मानेला अधूनमधून हालचाल लागते आणि आजूबाजूच्या स्नायूंमध्ये ताकद लागते. फोनकडून मदत घ्यायची ती यासाठी.

ताकदीबद्दल मी इतकं ठामपणे बोलतो त्याला कारण आहे. मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर डेन्मार्कमध्ये एक प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज फक्त २ मिनिटं, दुसऱ्याने १२ मिनिटं रबरी पट्ट्याने खांद्यांचा व्यायाम केला, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या गटाला दर आठवड्याला आरोग्याची माहिती देणारा ईमेल जायचा. १० आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं ईमेलवाल्यांपेक्षा कमी झालं होतं. २ मिनिटंवाल्यांचंसुद्धा!

व्यायाम साधा आहे. पट्ट्यावर पाय देऊन उभं राहायचं, दोन्ही टोकं हातात धरायची, कोपर किंचित वाकवून हात बाजूला पण जरासे पुढच्या दिशेने खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. हात थकेपर्यंत एक फेरी. सोपं वाटू लागलं की जरा जाड पट्टा घ्यायचा. हे वाढवत नेणंच बहुतेकांकडून राहून जातं, म्हणून अ‍ॅप निवडताना आज किती वेळा केलं, कोणता पट्टा होता, हे लिहून ठेवता येतं का ते आधी बघा. तशी सोय नसेल तर फोनमधली नोट्सही चालेल.

दुसरा व्यायाम मानेच्या आतल्या स्नायूंचा. उताणं झोपायचं आणि अगदी हलकं 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी गळ्याकडे न्यायची. डोकं उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. तिथे १० सेकंद थांबून सोडायचं, असं १० वेळा. इथे इंटरव्हल टायमर फार कामाचा, कारण सेकंद मोजायच्या नादात आपण श्वास रोखतो. टायमर आवाजावर लावा. व्हिडिओ बघत करायचं तर फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, मांडीवर नको.

आठवड्यातून एकदा बाजूने स्वतःचा व्हिडिओ काढा. हनुवटी वर जाते का, खांदे कानांकडे चढतात का, हे त्यात लगेच दिसतं. कॅमेऱ्याने मानेचा कोन मोजणारी अ‍ॅप्स मात्र जपून वापरा. फिजिओ हा कोन कानापासून मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या सातव्या मणक्यापर्यंत मोजतात. फोनच्या कॅमेऱ्याला कान आणि खांदा ओळखता येतो, तो मणका केसांत किंवा कॉलरमागे राहतो. कॅमेरा थोडा वरखाली झाला तरी आकडा बदलतो. त्या आकड्यावरून स्वतःला धास्ती लावून घेऊ नका. 'मान वाकवली की २७ किलो भार' हा फॉरवर्ड होणारा आकडाही २०१४ मधल्या एका संगणकीय गणिताचा आहे, ६० अंश वाकलेल्या मानेचा. तो प्रत्यक्ष माणसांच्या मानेवर मोजलेला नाही.

आठवण कधी लावायची? घड्याळाप्रमाणे दर वीस मिनिटांनी लावली की चार दिवसांत बोट आपोआप ती बाजूला सारतं. त्यापेक्षा रोज ठरलेल्या गोष्टीला जोडा: सकाळची मीटिंग संपली की, दुपारच्या चहाला उठताना. दिवसात दोन-तीन पुरेत. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी सेटिंग बऱ्याचदा अशी अ‍ॅप्स मागच्या मागे बंद करते आणि आठवण येतच नाही. त्या अ‍ॅपपुरतं ते बंधन काढा.

पैसे भरण्याआधी एक लक्षात ठेवा: मोफत चाचणीनंतर अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते, ती प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. मला तरी पैसे देण्यासारखं त्यात काही दिसत नाही. तेच पैसे लॅपटॉपच्या स्टँडवर आणि वेगळ्या कीबोर्ड-माउसवर घाला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी.

आता महत्त्वाचं. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा कमी झाला असेल, दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

तसं काही नसेल तर रोज संध्याकाळी एकाच वेळी दुखणं ० ते १० मध्ये नोंदवा. दोन महिन्यांत आकडा खाली आला नाही, तर ती नोंद आणि व्यायामाचे व्हिडिओ घेऊन फिजिओकडे जा आणि त्यांच्यासमोर एक फेरी करून दाखवा.