‘तिथं’ म्हणजे नेमकं कुठं?

साडीच्या दुकानाची जाड पिशवी तिनं माझ्या टेबलावर ठेवली. बस म्हटलं तरी बसेना. ‘उभीच बरी हाय वो बाई,’ म्हणाली. मग खुर्चीच्या अगदी कडेवर, एका मांडीवर भार देऊन टेकली. पिशवीत दोन वर्षांचे कागद. बेळगावातल्या तीन दवाखान्यांचे, एक मिरजेचा, एक गोव्यातला. लघवीची तपासणी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) नॉर्मल, साखर नॉर्मल, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी) निगेटिव्ह.

‘सगळं नॉर्मल हाय, मग आग कशाची? का माझ्या डोक्यातच काय तरी बिघडलंय?’

मी डॉक्टर नाही, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बाया कमी नाहीत. म्हणून तिला विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून, तिची हकीकत लिहिते आहे. तिला रुक्मिणी म्हणू. वय ३६, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, पंधरवड्यानं चोर्ला घाटातून घरी येतो. ही घरी मशीन चालवते. ब्लाउज, फॉल, पिको.

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधी सांगून टाकते. नवरा आला की त्रास वाढतो हे ऐकलं आणि माझं डोकं लगेच संसाराकडे वळलं. सासू कशी आहे, नवऱ्याचं बाहेर काही आहे का, पहिल्या रात्रीची भीती होती का, हेच विचारत बसले. वहीत ‘वैवाहिक ताण?’ असंही लिहिलं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली, पिशवी उचलली आणि गेली. पुढचे तीन आठवडे फिरकली नाही. डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात तेव्हा बाईला जसं वाटतं, तसंच तिला माझ्याकडेही वाटलं असणार. मी फक्त तेच गोड आवाजात म्हटलं होतं.

परत आली ती नाइलाजानं. या वेळी मी संसार बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘काय होतं ते सांग.’

‘तिथं त्रास होतो.’

‘तिथं म्हणजे कुठं?’

ती पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, ‘खालीच की वो.’

सीमाभागात भाषेवरून आपण किती बोलतो! पण या एका जागेसाठी बाईच्या तोंडात ना मराठी शब्द आहे, ना कन्नड. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ‘तुरिकी ऐतेनु?’ रुक्मिणीचं कन्नड बाजारापुरतं. तिनं मान हलवली. तुरिकी म्हणजे खाज. पहिल्या चिठ्ठीवर खाज लिहिली गेली आणि पुढच्या प्रत्येकानं तीच चिठ्ठी वाचून बुरशीचं औषध दिलं. कन्नडला दोष देण्यात अर्थ नाही. मराठी डॉक्टरांपुढंही तिनं ‘तिथं त्रास’ एवढंच सांगितलं होतं.

खरं तर आपल्या भाषेत अशा दुखण्याला शब्दांची कमी नाही. खाज वेगळी, कंड वेगळा. आग वेगळी, चुरचुर वेगळी. ठणका, टोचणी, सल, जखमेवर मीठ पडल्यासारखं चरचरणं, नुसतं कापड लागलं तरी हुळहुळणं. मी एकेक शब्द सावकाश म्हणत गेले. ‘कंड’वर ती नाही म्हणाली. ‘चुरचुर’वर मान वर केली. ‘हुळहुळतं?’ म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. ‘तेच की वो बाई. तेच. कुणी विचारलंच नाही.’

मग एका कागदाच्या पाठीमागं मी चित्र काढलं. वर लघवीची जागा, खाली योनिमार्गाचं तोंड, बाजूला पाकळ्या, शेवटी शौचाची जागा. दोन बाळंतपणं झालेल्या बाईनं ते चित्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. तिनं बोट ठेवलं ते योनीच्या तोंडाच्या खालच्या कडेवर. आत काहीच नव्हतं. दोन वर्षं गोळ्या ठेवल्या गेल्या आत, आणि दुखत होतं उंबऱ्यावर.

ब्लाउजची मापं लिहायची तिची एक लांबट वही होती. तिच्याच मागच्या पानांवर दोन आठवडे रोज दोन ओळी लिहायच्या ठरल्या. ती वही मी पाहिली आहे. एका बाजूला ‘छाती ३४, बाही ९’, उलटून धरली की:

‘सोम. मशीनवर २० मिनिटं, आग. उभी राहिले, कमी.
मंगळ. काही नाही.
बुध. अंघोळीनंतर चुरचुर, तासभर.
शुक्र. हे आले.
शनि. ब्लेडनं कापल्यासारखं.’

‘खाज’ हा शब्द सबंध दोन आठवड्यांत एकदाही नाही. रात्री झोपेत त्रास नाही. पाणी, कापड, बैठक, स्पर्श, एवढ्यानंच आग. असला कागद डॉक्टरपुढं ठेवला की त्यांचंही काम सोपं होतं.

बुधवारच्या ओळीवरून मी अंघोळीचं खोदून विचारलं. सुरुवातीला तिला बहुधा खरंच बुरशीचा त्रास झाला असावा. पांढरं दह्यासारखं जात होतं आणि गोळ्यांनी ते थांबलंही. पण धास्ती बसली. तेव्हापासून ती दिवसातून दोनदा बादलीत जंतुनाशक घालून खालची जागा धुवायची. वर वासाचा साबण. मग मेडिकलमधून खास बायकांसाठी म्हणून मिळणारं सुगंधी द्रावण. रोजचा पातळ पॅड. आणि मधूनमधून उरलेल्या ट्यूबा. योनीचं स्वतःचं वातावरण आंबट असतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५, ते आंबटपण तिथले चांगले जंतूच राखतात. अंगाचा साबण ९-१० च्या घरात. ती कातडी पापणीइतकी नाजूक, आणि तिच्यावर दोन वर्षं हा मारा. स्वच्छतेच्या नावाखाली आपण बायका स्वतःला किती पोळून घेतो, याचा मला दर महिन्याला नव्यानं राग येतो.

घरात सासूबाईंचं निदान वेगळं होतं: अंगात उष्णता. म्हणून अंडी बंद, वांगं बंद, आंबा बंद, सकाळी सब्जाचं पाणी. पांढरं जातं म्हणजे हाडं विरघळून जातात, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. हाडं विरघळत नाहीत. दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं चिकट, ताणलं जाणारं पाणी जाणं ही तब्येत ठीक असल्याची खूण आहे. खाणं तोडून तिचं वजन मात्र उतरलं होतं. आंबा मी पहिल्याच दिवशी सुरू करायला लावला.

डॉक्टर चुकले का, हे ती वारंवार विचारायची. सरसकट तसं म्हणता येत नाही. सरकारी दवाखान्यात पांढऱ्याच्या तक्रारीवर हिरवं किट मिळतं. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, म्हणजे जंतू आणि बुरशी दोन्हींवर एकदम उपाय. जिथं सूक्ष्मदर्शक नाही, तिथं लक्षणांवरून औषध द्यायची ती रीत आहे, आणि पहिल्या खेपेला ती शहाणपणाची आहे. सातव्या खेपेलाही तेच देत राहिलं की बिघडतं. अमेरिकेत २००२ साली स्वतःच दुकानातून बुरशीचं औषध विकत घेतलेल्या ९५ बायकांची तपासणी झाली होती. निव्वळ बुरशी निघाली साधारण तिघींत एकीला. आणि एक गोष्ट आमच्याकडे कुणी सांगत नाही: ट्यूब किंवा गोळी चालू असताना स्रावाचा नमुना दिला, तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, काही सापडेलच असं नाही. रुक्मिणीचे दोन्ही नमुने असेच औषध चालू असताना घेतलेले.

मी डॉक्टर नाही. म्हणून नेहमीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना वही दाखवली आणि त्यांच्या सांगण्यावरून चार आठवडे सगळं बंद केलं. साधं पाणी, सुती कपडे, अंघोळीनंतर खोबरेल तेलाचं बोट. चुरचुर निम्म्यानं गेली. आग राहिली.

मग त्यांनी जी तपासणी केली, ती दोन वर्षांत कुणीच केली नव्हती. महागडं यंत्र नाही. कापसाची काडी. योनीच्या तोंडाभोवती घड्याळाचे आकडे आहेत असं धरायचं आणि एकेका आकड्यावर काडी हलकेच टेकवायची. रुक्मिणीनं माझा हात धरला होता. बारावर काही नाही, दोनवर काही नाही. पाचवर तिनं माझी बोटं चिरडली. सातवर पुन्हा. दिसायला तिथं किंचित लाली, बाकी काही नाही.

याला व्हल्वोडायनिया म्हणतात. बाहेरच्या जननांगांचं किमान ३ महिने टिकलेलं, उघड कारण न सापडणारं दुखणं. २०१५ साली आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनांनी मिळून ही व्याख्या ठरवली. तिच्या बाबतीत ते दुखणं तोंडाच्या कडेपुरतं होतं. तिथल्या नसा जास्तच जाग्या झालेल्या असतात, आणि दुखेल या धास्तीनं ओटीपोटाच्या तळचे स्नायू मुठीसारखे आवळलेले राहतात. रिपोर्टमध्ये ते दिसणार कसं? रिपोर्ट जंतू शोधतो, गाठ शोधते ती सोनोग्राफी. दुखणाऱ्या नसेचा रिपोर्ट नसतो. नाव ऐकल्यावर ती हसली. ‘एवढं मोठं नाव हाय म्हंजे खरंच काय तरी हाय.’

निदान झालं म्हणून सुटलो असं मात्र झालं नाही. अॅमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री घ्यायला दिली. मेडिकलवाल्या पोरानं सहज सांगितलं, ‘ही डोक्याची गोळी.’ झालं! तिसऱ्या दिवशी गोळ्या परत पिशवीत. तिला बसवून समजावलं की हे मुळात नैराश्याचं औषध, त्यासाठी बराच मोठा डोस लागतो. एवढ्याशा डोसात ते नसांची आग शांत करायला वापरतात. तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल. सगळ्यांनाच लागू पडते असंही नाही. हे आधी सांगायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

दुसरी अडचण मोबाईलनं केली. जावेनं दाखवलेला व्हिडिओ बघून ती खालचे स्नायू आवळायचे व्यायाम करत होती, रोज शंभरदा. तिला नेमकं उलटं हवं होतं, सैल सोडायला शिकायचं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी नुसता श्वास शिकवला. पोट फुगलं की खालचं आपोआप खाली उतरतं. पहिल्या तीन खेपांत एवढंच. बसभाडं वाया गेलं असं तिला वाटत होतं.

नवऱ्याला मी एकदाच भेटले. अवघडून दारातच उभा. तो म्हणाला, ‘मला वाटलं मी नको झालोय तिला.’ दोन वर्षं दोघं एकाच पांघरुणाखाली दोन वेगळ्या समजुती घेऊन झोपत होते. दुखणं कमी होईस्तोवर संबंध थांबवायचे, जवळ येणं थांबवायचं नाही, एवढंच ठरलं. त्याचे स्वतःचे रिपोर्टही त्यानं न विचारता खिशातून काढून दाखवले.

रुक्मिणीचं निघालं ते सगळ्यांचं निघेल असं समजू नका. मागच्या वर्षी ५८ वर्षांच्या एक मावशी आल्या होत्या. त्यांना रात्री झोप उडवणारी खाज, आणि ‘वय झालं, चालायचंच’ हे उत्तर. तपासलं तर पांढुरके, कागदासारखे चट्टे. कातडीचा बारीक तुकडा तपासून लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा आजार निघाला. स्टेरॉइडच्या मलमानं महिनाभरात झोप लागली, पण तिथं पुढं क्वचित कॅन्सर होऊ शकतो म्हणून दर वर्षी दाखवावं लागतं. पाळी गेल्यावरचा कोरडेपणा हे आणखी वेगळं, त्याला इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. वर्षात तीन-चारदा बुरशी होत असेल तर साखर आणि नीट कल्चर. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, फोड-गाठ आली, ओटीपोटात दुखून ताप आला, तर वहीबिही नको, त्याच दिवशी दवाखाना.

आठ महिने झाले. गणपतीआधीच्या घाईत ती सलग चाळीस मिनिटं मशीनवर बसली. पाळीच्या आधीचे चार दिवस अजून हुळहुळतं. गोळी चालू आहे. मागच्या खेपेला ती मोकळ्या हातांनी आली, तेव्हा मी दचकले. ‘पिशवी कुठाय गं?’

‘बंबात घातली.’

रिपोर्ट जाळतात का कधी, म्हणून मी ओरडलेच.

‘रिपोर्ट ठेवलेत वो बाई,’ ती खुर्चीत नीट टेकून बसत म्हणाली. ‘औषधांच्या चिठ्ठ्या घातल्या. दोन बादल्या पाणी तापलं.’