बागेवरच्या नेपाळी राखणदाराचा पोरगा वर्गात एकटा पडतो, काय करू?

मॅडम, देवगडकडची वाडीतली शाळा, पट कमी, त्यात आंब्याच्या बागेवरच्या नेपाळी राखणदाराचा मुलगा चौथीत आलाय, खिचडीचं ताट घेऊन लांब जाऊन बसतो आणि "त्याला खेळायला घ्या रे" सांगून सांगून तुम्ही थकलात, असं तुम्ही लिहिलंय. तर आधी ते सांगणं बंद करा. बाईंनी सांगितलं म्हणून घेतलेला गडी दोन मिनिटांत बाहेर बसतो, आणि आपल्याला का घेतलंय हे त्यालाही बरोबर कळतं. गुलाबाचं फूल देऊन स्वागत, मग केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, हेही नको, त्याने पोरगं अजून बुजतं.

माझी सगळी नोकरी किनारपट्टीच्या शाळांत गेली, कधी बागांकडे, कधी बंदराजवळ. मोठ्या शाळेत एका घोळक्याने नाही घेतलं तर पोरगं दुसऱ्या घोळक्यात जातं. आपल्याकडे वर्गात असतात किती, आणि ती सगळी एकाच वाडीतली, चुलत-आत्ये भावंडं. त्यांनी नाही घेतलं की मग कोणीच नाही. त्यात बागवाल्याचा मुलगा त्याच वर्गात असला तर बघायलाच नको, घरी मोठी माणसं जशी हाक मारतात तशीच हा शाळेत मारतो, "ए बहादूर, पाणी आण". हे मात्र जागच्या जागी थांबवायचं, लेक्चर न देता. त्याचं नाव नीट उच्चारायला शिका, नावानेच हाक मारा, आणि ऑफिसातून खडू आणायला त्यालाच सारखं पिटाळू नका.

आता कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, बघा. त्याचं नाव पक्कं लिहिलंय की मागच्या पानावर पेन्सिलीने? "मे महिन्यात जाणारच आहेत" म्हणून बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. रोज सकाळी सगळ्यांची नावं घेतली जातात आणि आपलं येत नाही, हे पोरगं ऐकत असतं ना. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, आणि वयानुसार जो वर्ग असेल तोच द्यायचा. मुख्याध्यापक कां कूं करायला लागले तर हे दाखवा.

मग त्याला काम द्या, पण मिरवायचं नाही, गरजेचं. ताटं मोजणं, खिचडी वाढणं, घंटा, असलं काहीतरी, आणि जोडीला वाडीतलाच एखादा शांत पोरगा. वाढणाऱ्याकडे सगळ्यांना यावंच लागतं, "अजून घाल" म्हणावंच लागतं, बोलणं तिथनं सुरू होतं. परसबागेत माकडं येत असतील तर त्यालाच विचारा, दिवसभर बागेत माकडं हाकणाऱ्या बापाचा मुलगा आहे तो.

अजून एक, नेपाळी पण देवनागरीतच लिहितात, त्यामुळे तो मराठी धडा घडाघडा वाचेल आणि अर्थ शून्य कळलेला असेल. मग प्रश्न विचारला की गप्प, आणि आपण म्हणतो लाजाळू आहे. लाजाळू नाही हो, समजलंच नाहीये त्याला. तोडकंमोडकं हिंदी चालू दे सुरुवातीला.

सगळ्यांसमोर "काय झालं, घरी कोण कोण असतं" विचारू नका. वर्ग आवरताना, बाजूला काम करताना पोरं आपणहून बोलतात. फक्त "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. लैंगिक छळाचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, बाकी मारहाण वगैरेसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच. नाही आला एखादा दिवस तर घंटा झाल्यावर बागेतल्या खोपीपर्यंत एक चक्कर मारा, आणि जमलं तर त्याच्या जोडीला दिलेल्या पोराला सोबत न्या.

आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचं गुढीपाडव्याच्या आसपासच बापाशी बोलून ठेवा. बाग आटोपली की मेच्या शेवटी ही कुटुंबं निघतात, तेव्हा शाळेला सुट्टी, सही करायला कोणी नाही. दाखला आणि प्रगतिपत्रक आधीच हातात द्या, पावसानंतर त्याच बागेवर परत येणार का तेही विचारा, म्हणजे पाचवीची पुस्तकं त्याच्यासाठी बाजूला ठेवता येतील.