उनोनंतर पिको घ्यावा का? काम काय आहे त्यावर ठरवा

अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर (प्रोग्राम करता येणारी चिप असलेल्या छोट्या बोर्डावर) हात बसलाय, आता रास्पबेरी पाय पिको या तशाच बोर्डाकडे वळावं का, आणि शेतात मातीची ओल नोंदवणारा बॅटरीवरचा लॉगर व घरातली एलईडी पट्टी ही दोन्ही कामं त्यावर होतील का, असं तुम्ही विचारलंय. पट्टीसाठी डोळे झाकून घ्या. लॉगरसाठी नको.

पिकोवरची आरपी२०४० चिप २०२१ सालची. दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ केबी रॅम. उनोत रॅम २ केबी. पण माझ्या मते या चिपची खरी ताकद पीआयओत आहे, म्हणजे पिनांचं टायमिंग कोअरला न अडकवता सांभाळणाऱ्या वेगळ्या सर्किटात. डब्ल्यूएस२८१२ पट्टीला (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी पट्टी) एकेक बिट सव्वा मायक्रोसेकंदात जातो. पल्स किती वेळ हाय राहिली यावर ० की १ ते ठरतं. उनोवर एवढं अचूक टायमिंग सांभाळायला लायब्ररी इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे सिग्नल) बंद ठेवते. ३०० एलईडींना डेटा जाईपर्यंत ९ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात मिलिस हे वेळ मोजणारं फंक्शन मागे पडतं, रिमोटचे कोड हुकतात. पिकोवर हेच काम चार इन्स्ट्रक्शनचा प्रोग्राम पीआयओतल्या स्टेट मशीनमध्ये (असा छोटा प्रोग्राम स्वतंत्रपणे चालवणाऱ्या भागात) करतो आणि कोअर मोकळे राहतात. अशी आठ स्टेट मशीन आहेत.

लॉगरचं गणित वेगळं. पिको बोर्ड डॉर्मंट मोडमध्येही (गाढ झोपेच्या स्थितीतही) साधारण ०.८ मिलिअँपिअर खातो, म्हणजे नुसतं झोपून दिवसाला १९ एमएएच. २००० एमएएचचा सेल एकही रीडिंग न घेता साडेतीन महिन्यांत संपेल. एटीमेगा३२८पी ही उनोचीच चिप बोर्डाशिवाय, ३.३ व्होल्टवर वापरा. ती झोपेत काही मायक्रोअँपिअरवर राहते. शिवाय पिकोचा एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) म्हणायला १२ बिटचा, पण प्रत्यक्षात नऊ बिटही धड मिळत नाहीत. जीपीआयओ २३ ही पिन हाय केली की बोर्डावरच्या रेग्युलेटरचा रिपल (पुरवठ्यातला चढउतार) कमी होऊन रीडिंग थोडी स्थिरावतात, एवढंच.

आणखी एक: पिकोच्या पिनांना ५ व्होल्ट चालत नाहीत. तुमच्याकडचा एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर जोडाल तर इको पिनवर १के आणि २के रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लावाच.

टूल्सबाबत मी अगदी समाधानी आहे. बूटसेल बटण दाबून यूएसबी लावली की ड्राइव्ह दिसतो, त्यात यूएफ२ फाइल (तयार प्रोग्रामची फाइल) टाकायची. प्रोग्राम चढवणारा बूटलोडर न पुसल्या जाणाऱ्या रॉममध्ये असल्याने चुकीच्या प्रोग्रामने बोर्ड कायमचा बंद पडत नाही. सी भाषेत प्रोग्राम लिहायची साधनं (सी एसडीके) बसवणं पूर्वी, विशेषतः विंडोजवर, जिकिरीचं होतं. आता व्हीएस कोड या एडिटरचं एक्स्टेंशन सगळं स्वतः आणतं. सुरुवात थॉनी या सोप्या एडिटरवर मायक्रोपायथनने (मायक्रोकंट्रोलरसाठीच्या पायथनने) केलीत तरी हरकत नाही.

मात्र पिको एक नाही, दोन मागवा. दुसऱ्यात डीबगप्रोब फर्मवेअर (पहिल्या बोर्डावरचा प्रोग्राम तपासू देणारं) टाका, क्लॉक, डेटा आणि ग्राउंड अशा तीन वायरी पहिल्याच्या डीबग पिनांना जोडा. मग ब्रेकपॉइंटवर (तुम्ही ठरवलेल्या ओळीवर) प्रोग्राम थांबवून व्हेरिएबल बघता येतात, जागोजागी सीरियल प्रिंट टाकत बसावं लागत नाही. पिको २ हा नवा बोर्ड मिळत असेल तर चिपची आवृत्ती विचारा: ए२ आवृत्तीत इनपुट पिनचा आतला पुलडाउन (पिन शून्य व्होल्टला खेचून ठेवणारा रेझिस्टर) नीट चालत नाही, बाहेरून ८.२के किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावावा लागतो.