आरएक्स 100 ला मोठ्या गाडीचे शॉकअप? आधी माप घ्या

डिचोलीहून विचारणा आहे: 1991 ची यामाहा आरएक्स 100, मागे कोणी बसलं की खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो, आणि मेकॅनिक म्हणतो दीडशे सीसीच्या गाडीचे गॅसचे शॉकअप टाका. माझं मत विचाराल तर ते टाकू नका. शॉकअप जरूर बदला, पण त्याच लांबीचे आणि तेवढ्याच वजनाच्या गाडीसाठी केलेले घ्या.

आधी नेमकं काय गेलंय ते बघा. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग वर येऊन लगेच स्थिरावला तर डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचं डुलणं थांबवणारी शॉकअपची पकड, शाबूत आहे. दोन-तीनदा डुलला तर ते गेलंय. बहुतेक वेळा शॉकअपच्या रॉडपाशी तेलाचा ओलावा आणि त्यावर चिकटलेली लाल धूळही दिसते. गोव्यात हे लवकर होतं. चार महिने पाऊस, त्यात खारी हवा. रॉडच्या क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके येतात आणि तेच ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, कापत जातात. मग गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक धरून आडवं हलवा. चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या फाट्यात, ढिलेपणा जाणवला तर पहिल्यांदा चिमट्याचे बुश (त्याच्या सांध्यातल्या नळ्या) बदला. ते तसेच ठेवून कितीही महाग शॉकअप टाकले तरी चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी मागून वळवळणारच.

शॉकअपची खालची खाच, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी कडी, वाढवली की स्प्रिंग कडक होते, असं पुष्कळ लोक मानतात. होत नाही. स्प्रिंग तीच राहते, गाडी मागून उचलली जाते एवढंच. दोघं बसणार असाल तेव्हा खाच वाढवणं योग्यच, पण गेलेलं डॅम्पिंग त्याने परत येत नाही.

आता लांबी. चाक अधांतरी ठेवून वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. शॉकअप तिरका बसतो, शिवाय एक्सलच्या थोडा पुढे, म्हणून 10 मिमी लांब घेतला तर मागचा भाग 10 मिमीपेक्षा जास्त उचलला जातो. मग डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकू लागतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि पुढचा फोर्क उभा होऊन हँडल चंचल होतं. त्यात स्प्रिंग जड गाडीची असेल तर या हलक्या गाडीखाली ती दबतच नाही. चाक खड्ड्यावरून उडतं, आणि ओल्या रस्त्यावर उडणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

मोपेडची गोष्ट वेगळी. कित्येक जुन्या मोपेडच्या शॉकअपमध्ये तेल नसतंच, नुसती स्प्रिंग. तिथे योग्य मापाचे साधे तेलाचे शॉकअपही मोठा फरक पाडतात.

बसवताना एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरा शॉकअप चिमटा धरून ठेवतो. बदलायची मात्र जोडीच. तेलाचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडा, आत अडकलेली हवा निघते. उलटा बसवू नका. रबर बुश घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. बुशचं भोक बोल्टपेक्षा मोठं निघालं तर वॉशर कोंबू नका, लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह (आत बसणारी नळी) करून घ्या. शेवटी तुम्ही सीटवर बसा आणि दुसऱ्याला चेनचा ढिलेपणा बघायला सांगा. चिमटा खाली-वर होतो तशी चेन ताणते, त्यामुळे रिकाम्या गाडीवर ठीक वाटलेली चेन दोघं बसल्यावर घट्ट होऊ शकते.