सेल जोडला तरी मीटर गप्प का?

प्रश्न : बारावीच्या प्रोजेक्टसाठी मी वायरिंगच्या पाइपवर दोन कॉइल गुंडाळल्या आहेत, एकीवर एक. आतल्या कॉइलला टॉर्चचा सेल जोडते, बाहेरच्या कॉइलला डिजिटल मल्टिमीटर. पुस्तकात परस्पर प्रवर्तन, म्हणजे एका कॉइलमुळे दुसरीत व्होल्टेज येणं, होतं असं लिहिलंय, पण मीटरवर शून्यच येतं. एलईडीही लागत नाही. — विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : कॉइल अगदी बरोबर असल्या तरी हा मीटर गप्पच राहील. बाहेरच्या कॉइलमध्ये व्होल्टेज येतं ते आतला प्रवाह बदलत असतानाच. प्रवाह स्थिरावला की चुंबकीय क्षेत्र असूनही व्होल्टेज शून्य. 29 ऑगस्ट 1831 रोजी मायकेल फॅरेडे यांना लोखंडी कड्यावरच्या कॉइलींतही हेच दिसलं. सुई हलली ती बॅटरी जोडताना आणि तोडताना. तुझ्या कॉइलमध्ये हा सगळा बदल एका मिलिसेकंदाच्या आत उरकतो आणि साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो. त्याऐवजी मधे शून्य असलेला, सुईचा गॅल्व्हानोमीटर लाव.

त्याआधी तारेची टोकं बघ. दहातल्या आठ प्रयोगांचं घोडं इथंच अडतं, असं म्हटलं तरी चालेल. एनॅमलचा रंग तांब्यासारखाच असल्याने तार उघडी वाटते, पण ती झाकलेली असते. दोन सेंटिमीटर टोक पॉलिश पेपरने गोल फिरवत घास, लख्ख चकाकी आली पाहिजे. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून कॉइलचा रोध मोज.

मापं अशी ठेव : 25 मिमी पाइप, 26 गेजची एनॅमल तार, 10 सेंमी लांबीत आत एका थरात 200 वेढे, वर दोन थरांत 400. इंदूरच्या महाराणी रोडवर ही तार वजनावर मिळते, 100 ग्रॅम पुरते. आतली कॉइल साधारण 1.7 ओहम भरेल, बाहेरची 3.5. या जोडीचं परस्पर प्रवर्तकत्व, म्हणजे आतला प्रवाह बदलला की बाहेर किती व्होल्टेज येतं त्याचं माप, सुमारे 0.45 मिलिहेन्री येतं. ते तुटपुंजं आहे. सुई जेमतेम एखादं घर सरकेल.

म्हणून पाइपमध्ये लोखंड हवं. सळ्या बांधायची बाइंडिंग वायर पाव किलो घे, 12 सेंमीचे तुकडे कर, त्यांना वार्निश लावून वाळव आणि पाइपमध्ये ठासून भर. सुईची उडी कित्येक पट वाढेल. जाड बोल्ट घालू नकोस, त्याच्या अंगातच भोवरे प्रवाह फिरतात आणि बदलाला विरोध करतात.

एलईडी दोन घे, एकमेकांना उलटे जोडून बाहेरच्या कॉइलला लाव. सर्किट जोडताना बाहेर जास्तीत जास्त सेलच्या दुप्पट, म्हणजे 3 व्होल्ट येऊ शकतात, कारण वेढे दुप्पट आहेत. तोडताना ही मर्यादा नसते. प्रवाह झटक्यात कोसळतो, व्होल्टेज खूप वर जातं आणि एक एलईडी स्पष्ट लुकलुकतो. सेल मोठा, डी साइजचाच घे. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी एवढा प्रवाह देताना बसते. सेल जोडणारं बटण एका सेकंदापेक्षा जास्त दाबून ठेवू नकोस.

प्रश्न : सेल बाहेरच्या कॉइलला आणि मीटर आतल्या कॉइलला लावला तर?

उत्तर : परस्पर प्रवर्तकत्व तेवढंच राहतं, दोन्ही दिशांनी सारखं. फक्त बाहेरच्या कॉइलचा रोध जास्त असल्याने त्याच सेलमधून प्रवाह निम्मा वाहील आणि परिणामही तसाच उतरेल.

प्रश्न : मीटरवर आकडा टिकून राहावा म्हणून घरचा प्लग वापरू का?

उत्तर : मुळीच नाही. 230 व्होल्टला 1.7 ओहम म्हणजे 130 अँपिअरच्या वर प्रवाह. तार जळेल आणि जीवावर बेतेल. 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा तयार ट्रान्सफॉर्मर घ्या आणि आतल्या कॉइलच्या मालिकेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 10 वॅटचा बल्ब लावा. प्रवाह 0.8 अँपिअरच्या आसपास राहतो. मल्टिमीटर एसीवर ठेवला की लोखंडाविना साधारण 0.12 व्होल्ट स्थिर दिसतील. मग लोखंडी तारांची जुडी हळूहळू आत सरकवा आणि आकडा चढताना बघा.