कणकुंबीच्या रानात फांदीलाच चिकटून फुलणारं निळं-जांभळं झुडूप कोणतं? बेळगावात कुंडीत येईल का?

ती अंजनी, आणि कुंडीच्या भानगडीत पडू नका. ओळख पानांवरून पटवा: समोरासमोर, जाड, चकचकीत. फुलं नखाहून लहान, चार पाकळ्यांची. मार्च-एप्रिलच्या सुमारास जुन्या, पान नसलेल्या फांदीवर गुच्छांनी येतात, जणू कुणी फांदीला निळी लोकर गुंडाळलीय. पुढे तिथेच बारीक फळं धरतात, पिकली की काळी होतात. ही सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातली. जांभ्या दगडावरची उथळ माती तिला चालते, पण भरपूर पाऊस आणि दमट हवा लागते. म्हणून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या पट्ट्यात दिसेल. गोकाक-अथणीच्या कोरड्या माळावर शोधू नका. महाबळेश्वरच्या बुटक्या जंगलातही हीच जागोजाग आहे. वाढ अतिशय मंद, त्यामुळे रानातलं रोप उपटून आणलंत तर बहुधा ते मरून जाईल (आणि राखीव जंगलातून उपटणं गुन्हाच). एक मात्र बघा: कुणी नुसतं ‘अंजन’ म्हणालं तर तो वेगळा, कोरड्या मुलखातला मोठा वृक्षही असू शकतो. नावावर जाऊ नका, फांदी बघा.