विनाइल रेकॉर्डचा आवाज रिमास्टर केलेल्या डिजिटल गाण्यापेक्षा खरंच चांगला असतो का?

आजोबांच्या भावगीतांच्या आणि सिनेगीतांच्या रेकॉर्ड्स घरात पडून आहेत, तीच गाणी मोबाईलवर 'रिमास्टर्ड', म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्याने साफसूफ करून काढलेली, म्हणून मिळतात, मग प्लेअरवर पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावात राहतो आणि दोन्ही ऐकतो. कागदावर डिजिटल कितीतरी पुढे आहे. तरीही जुन्या मराठी-हिंदी गाण्यांत चांगल्या अवस्थेतली मूळ रेकॉर्ड मला बऱ्याचदा जास्त आवडते, आणि त्याचं कारण विनाइलपेक्षा रिमास्टर करणाऱ्याच्या हातात असतं.

१९८२ साली आलेल्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलपर्यंत मावतं. रेकॉर्डवर साधारण ६० ते ७०. शिवाय एलपी, म्हणजे मोठी विनाइल रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटल्यासारखे येतात. हा दोष महागड्या प्लेअरनेही पूर्ण जात नाही.

आता रिमास्टरकडे या. इयरफोनवर गाणं दणदणीत वाटावं म्हणून हळू जागा वर उचलतात आणि मोठ्या जागा दाबतात. त्याने गायकाने मुद्दाम हलकी घेतलेली ओळ आणि पुढची खुली ओळ एकाच पातळीवर येतात. त्याहून मोठं नुकसान खरखर काढताना होतं. एखादी संथ भावगीताची ओळ संपते, तबल्याचा हात उठतो आणि पुढच्या ओळीआधी क्षणभर तानपुऱ्याची आस, म्हणजे तारांचा रेंगाळणारा नाद, तेवढी उरते. टेपची सूंसूं त्याच सुरांत मिसळलेली असते. सॉफ्टवेअरचा हात जड पडला की सूंसूंबरोबर आसही जाते आणि तिथे नुसती पोकळी राहते. रेकॉर्डवर चटचट ऐकू येते, पण आस जिवंत असते. मला तीच हवी असते. मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, गाण्याला ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असेल तर गायकाचा आवाज मधून हलून दोन्हीकडे विस्कटतो, तेही मला सहन होत नाही.

मात्र मूळ टेपवरून, हात राखून केलेलं रिमास्टर असेल तर ते रेकॉर्डपेक्षा सरस असतं, हे मी बिनदिक्कत सांगेन. आणि हल्ली नव्याने निघणाऱ्या कित्येक रेकॉर्ड्स डिजिटल फाईलवरूनच कापतात. त्यात जुना आवाज शोधायला जाऊ नका.

तुलना करताना दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या. किंचित मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, निम्मे वाद तिथेच मिटतात.

आपल्या खान्देशात आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. जुन्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रेकॉर्ड्स लग्नात भोंगे लावणाऱ्या मंडपवाल्यांकडच्या असतात. जड पिकअपखाली, म्हणजे सुई बसवलेल्या जड डोक्याखाली, वाजून वाजून त्यांच्या खाचा झिजलेल्या असतात. कितीही धुतल्या तरी आवाज सुधरत नाही. त्यामानाने घरातल्या रेकॉर्ड्सवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण त्या पत्र्याखालच्या माळ्यावर असतील तर आजच खाली काढा. वैशाखात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि एकावर एक रचलेल्या रेकॉर्ड्स वाकतात. उभ्या ठेवा, भिंतीला टेकून तिरक्या नकोत. प्लेअर परदेशातून कुणी आणून देणार असेल तर मोटर ५० हर्ट्झवर चालते का ते विचारा. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या काही जुन्या मोटरी आपल्या विजेवर हळू फिरतात आणि सूर उतरतो.

माझा सल्ला, आधी सुईवर खर्च करा. झिजलेली सुई एकेका वाजवण्यात रेकॉर्ड खरवडते. ढिगात ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स निघाल्या तर त्यांना वेगळी, रुंद सुई लागते. त्या बहुतेक लाखेच्या असतात, त्यामुळे स्पिरिटने कधीही पुसू नका. लाख विरघळते.